तांब्याच्या कळशीतले पाणी

आमचे खाऱ्या पाण्याच्या माशांचे मंडळ गेल्या चैत्रात बंद झाले. बंद करण्याचा ठराव कोणी मांडला नाही. रविवारच्या बैठकीला तीनच माणसे आली, चौथ्याने फोनवर गुडघ्याचे कारण सांगितले, आणि चहा झाल्यावर पुढची बैठक कोणाकडे, हा प्रश्न सगळ्यांनीच टाळला. निघताना आमचे एक सभासद, विट्याचे गलाईवाले, म्हणाले की प्रत्येकाने आपल्या आठवणी चार पानांत लिहाव्यात, ते त्या एकत्र बांधून ठेवतील. इतरांनी काय लिहिले ते मला ठाऊक नाही. मी माझ्या हातून झालेला अपराध लिहितो आहे. मंडळातली माझी सर्वांत खरी आठवण तीच आहे.

सातारा-सांगलीच्या माणसाने समुद्र घरात आणावा, यात मुळातच हट्ट आहे. समुद्र आमच्यापासून घाट उतरून पलीकडे. आम्ही तो पाकिटातल्या मिठापासून तयार करत असू. आर.ओ.चे शुद्ध पाणी बादल्यांत भरायचे, त्यात मीठ विरघळवायचे, दुसऱ्या दिवशी खारटपणा मोजायचा, आणि दर पंधरवड्याला माशांच्या काचेच्या पेटीतले थोडे जुने पाणी काढून हे नवे घालायचे. याखेरीज रोज जेवढे पाणी हवेत उडून जाते, तेवढे साधे, बिनमिठाचे पाणी वरून घालायचे. कारण पाणी उडते, मीठ मागे राहते. एवढ्या बादल्या उचलण्याचे वय आमच्यापैकी बहुतेकांचे मंडळात येण्यापूर्वीच उलटून गेले होते.

मंडळाचे मूळ पुरुष आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक निवृत्त सुभेदार. नोकरीत काही काळ अंदमानला होते. तिथल्या पाण्याचे वेड घेऊन परतले. मी शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो त्या वर्षी त्यांनी मला पेटी पाहायला बोलावले. निळसर उजेडात एका खडकावर शेकडो बोटांचे एक फूल डोलत होते आणि त्या बोटांत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे निजल्यासारखे पडले होते. माझे हात आपोआप जोडले गेले.

"आवं गुरुजी, हात काय जोडताय? जनावर हाय ते."

"मत्स्यावतार पहिला, सुभेदार. हात जोडायला हरकत नसावी."

"मग माशाला जोडा. तुमी त्याच्या हातरुणाला जोडल्यात!"

ते फूल म्हणजे समुद्रफूल. मुळे नसलेला, खडकाला धरून राहणारा जीव. तो माशांना थारा देतो आणि मासे त्याला घास आणून भरवतात. सुभेदारांकडचे समुद्रफूल वाढले की आपणच दुभंगत असे, आणि नवा तुकडा एखाद्या सभासदाला मिळे. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ज्या ज्या घरी समुद्रफूल होते, ते सगळे या एकाचे वंशज. तुकडा घेऊन जाणारा माणूस बादली मांडीवर धरून एसटीत बसे, आणि शेजारच्या प्रवाशाने विचारले तर "दही आहे" म्हणे. खरे सांगितले तर उतरेपर्यंत प्रश्न संपत नसत.

पुढे एकेक पेटी संपत गेली. कोणाकडे वीज दिवसभर गेली, कोणाचा मुलगा पुण्याला घेऊन गेला. सांगलीच्या एका सभासदाच्या घरात कृष्णेचे पाणी शिरले आणि त्याचा लहानसा समुद्र नदीखाली बुडाला. ते सांगताना तो गृहस्थ हसला होता. नंतर मात्र बैठकीला आला नाही. अखेर मूळचे समुद्रफूल तेवढे उरले, सुभेदारांकडचे.

गेल्या वर्षी सुभेदारांच्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली. वहिनी त्यांच्यासोबत पुण्याला जाणार, मुलगा सीमेवर. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि पलटणीत देतात तशी कलमवार सूचना लिहिलेला कागद दिला. शेवटचे कलम होते, कोणताही धातू पाण्याला लावू नये.

"गुरुजी, मी टेबलावर गेलो तरी चालंल, ह्याला जपा," ते म्हणाले. वहिनी आतून म्हणाल्या, "आवं, तोंड सांभाळून बोला की जरा!" सगळे हसलो. पण ते विनोद करत नव्हते, हे मला कळले होते.

मी रोज सकाळी स्नानसंध्या उरकून जात असे. पहिले आठ दिवस सुभेदारांनी भरून ठेवलेले पाणी पुरले. ते संपल्यावर मी आमच्या घरच्या आर.ओ.चे पाणी न्यायचे ठरवले. घरात प्लॅस्टिकचा एक डबा होता, पण त्याला फिनेलचा वास येत होता. आणि मनातले खरे सांगायचे तर देवाला आणि त्या जीवाला वेगवेगळे पाणी न्यावे, हे मला पटेना. पूजेचे पाणी मी आयुष्यभर तांब्याच्या कळशीत भरत आलो. आमच्याकडे ते सोवळ्यातले भांडे. चिंचेने घासून, लखलखीत करून संध्याकाळी भरून ठेवायचे. तीच कळशी मी वापरली. रात्रभर पाणी तीत राही आणि सकाळी मी ते सुभेदारांच्या पेटीत, अभिषेकाची धार धरावी तसे, सावकाश ओतत असे.

कागदावरचे ते शेवटचे कलम मी रोज वाचत होतो. धातू म्हणजे लोखंड, पत्रा, पोलाद, असा अर्थ मी घेतला. मुलांना अष्टधातूंची नावे पाठ करून घेणारा मी. तरीही आमच्या कळशीला मी धातूत धरलेच नाही. ती माझ्या लेखी देवघराची वस्तू होती.

कळशीचे पाणी घालू लागल्यापासून दहाव्या-बाराव्या दिवशी समुद्रफुलाची बोटे आखडली. मग ते मिटू लागले आणि उघडेना. मला वाटले, धनी दूर आहे, जीव कष्टी झाला असेल. मी पाणी आणखी मनोभावे घालू लागलो. ज्या सकाळी ते खडकावरून सुटून तळाशी पडलेले दिसले, त्या सकाळी मी गलाईवाल्यांना फोन केला.

हे गलाईवाले म्हणजे सोनेचांदी गाळून शुद्ध करणारे. उमेदीची सगळी वर्षे मलबारात दुकान चालवण्यात गेली, उतारवयात विट्याला परतले. एसटीने दुपारी आले. पेटीत डोकावले, नाक आक्रसले, आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "पाणी कशातनं आणता, गुरुजी?"

मी कळशी दाखवली.

त्यांनी कळशीत बोट फिरवून पाहिले. मग खिशातून तपासणीच्या बाटल्या काढून त्यांनी नळीत थेंब टाकले. पाण्याला रंग चढला. "तांबं," ते म्हणाले. "माझा सारा जल्म ह्यात गेला, म्हणून वासावरनं कळलं. आर.ओ.चं पाणी भुकेलं असतंय. त्यात काय उरल्यालंच नसतंय, मग ज्यात ठिवाल त्याला खातंय. आन् कळशी तुमी चिंचेनं घासताय, व्हय ना?"

"रोज."

"म्हंजे रोज कोरं तांबं पाण्याला मिळतंय. माशाला तांबं सोसतं. ह्याला न्हाई सोसत."

त्यांनी ते समुद्रफूल हाताने उचलून घमेल्यात ठेवले. त्यात धरून ठेवण्यासारखे काही उरले नव्हते. उपाय आहे का, असे मी विचारले. त्यांनी मान हलवली. तांबे आता खडकांत मुरले होते, आणि त्या पेटीत पुन्हा समुद्रफूल जगणार नव्हते.

मग पायरीवर बसून ते हळूच म्हणाले, "हे बघा, सुभेदारांची छाती चिरल्याली हाय. परत आले की सांगू, रोग पडला म्हणून. मी बी तेच सांगतो. कळशीचं कुणाला कशाला कळाया पायजे?"

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते; ते मला वाचवत होते. मी त्या दुपारी परसातल्या मातीत त्या जीवाला पुरले, घरी येऊन स्नान केले आणि संध्येला बसलो. मंत्र सवयीने चालत राहिले. रोगाने गेले हे वाक्य मी मनातल्या मनात अनेकदा म्हणून पाहिले. तोंडाला बसत चालले होते, आणि त्याचीच मला भीती वाटली.

तीन आठवड्यांनी सुभेदार परतले. माझ्याकडची किल्ली परत द्यायला मी गेलो तेव्हा ते खुर्चीत बसले होते, अंगरख्याखालून टाक्यांची पट्टी दिसत होती. पेटीकडे त्यांची पाठ होती. त्यांनी मागे वळून पाहण्याआधी मी सगळे सांगून टाकले. कळशी, चिंच, शेवटचे कलम, परसातला खड्डा. गलाईवाल्यांनी सुचवलेली पळवाट मात्र सांगितली नाही. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्या मिळाल्या असत्या तर बरे झाले असते.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. सुभेदारांनी मान वळवून रिकामा खडक पाहिला.

"गुरुजी," ते म्हणाले, "खरं सांगू? मी लय दमलो हुतो."

मला उमगले नाही.

"बादल्या भरून. पाच-सहा वर्सं झाली. हात भरून यायचं, रातीचं खांदं ठणकायचं. पन ते जितं हुतं ना. जित्या जिवाला न्हाई कसं म्हनायचं? दवाखान्यात पडल्या पडल्या मी ह्योच इचार करत हुतो, आता पाणी कोन उचलनार." थोडे थांबून ते म्हणाले, "रागावलोय, असं नगा समजू. वाईट लय वाटतंय. पन सुटल्यासारखं बी वाटतंय, आन् त्याचीच लाज वाटतिया."

मी किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. त्यांच्या सुटकेने माझ्या चुकीचे वजन तसूभरही कमी झाले नाही. मात्र इतकी वर्षे बैठकींत ज्याला त्याला पाठीचे, गुडघ्याचे सांगणारे आम्ही, हा एक थकवा कोणीच कोणाला सांगितला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आले.

मासे गलाईवाले विट्याला घेऊन गेले. राहिलेले पाणी काढायचे होते. ते खारट, झाडांना चालणारे नव्हते, म्हणून नळी लावून गटारात सोडायचे ठरले. सुभेदारांना उचलायची मनाई, मला वाकायची. त्यांनी खुर्चीत बसून नळीचे एक टोक पेटीत धरले, दुसरे टोक मी दारातल्या गटाराशी पाटावर बसून धरले. पाणी अगदी बारीक धारेने येत होते. मधेच ते आतून विचारत, "येतंय का?" आणि मी बाहेरून सांगत होतो, "येते आहे." पेटी रिकामी व्हायला दुपार लागली.