घात आणि अपघात

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बायकोने वर्षानुवर्षं आठवीच्या मुलांना बीजगणित शिकवलं. तिच्या शिकवणीला पाटी नव्हती. नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एका क्लासचा फ्लेक्स असे. त्यावर एक सद्गृहस्थ हाताची घडी घालून ‘गणितसम्राट’ म्हणून उभे, आणि शेजारच्या फ्लेक्सवर तशीच घडी घालून भावी नगरसेवक. वारा सुटला की दोघेही सारखेच फाटत. आमच्याकडे जाहिरात म्हणजे दाराबाहेरचा चपलांचा ढीग.

मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचो. डोळे पुस्तकात, कान बाहेर. घातांकाचा धडा आला की माझं पान उलटायचं थांबे.

“खाली मोठ्या अक्षरात लिहिलाय तो पाया,” ती सांगे. “त्याच्या खांद्यावर बारीक बसलाय तो घातांक. अंगानं लहान, जागा वरची, आणि स्वतः काही करत नाही. खालच्याला हुकूम सोडतो, स्वतःला इतक्या वेळा मांड आणि गुण.”

मुलांना हे गणित वाटे. माझी नोकरी सरकारी कचेरीतली, मला ते साहेबांच्या पीएचं वर्णन वाटे.

मग ती फळ्यावर २³ लिहून उत्तर विचारी, आणि दरवर्षी कोणीतरी “सहा!” म्हणून ओरडे. 

“सहा? अरे, हा घात नाही, अपघात आहे! दोन गुणिले दोन गुणिले दोन. कुणाला लागलं तर नाही ना?”

खोलीभर हसू. विनोद दरवर्षी तोच, आणि आत मीही दरवर्षी हसायचो. पुढे तो शब्द शिकवणीतून घरात आला. चहात साखर विसरलो की अपघात. तिच्या माहेरी, विंचूरला जायचं असताना गप्पांच्या नादात दोघंही त्र्यंबकेश्वरच्या बसमध्ये बसलो, तो मोठा अपघात. “अहो, तुमच्याबरोबर जन्म काढायचा म्हणजे विमा हवा,” असं ती भर बसमध्ये म्हणाली होती.

गेल्या हिवाळ्यात तिला पक्षाघात झाला. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला तेव्हा मी आपोआप तिच्याकडे पाहिलं. असा शब्द तिच्यासमोर कुणी टाकावा आणि तिने त्यावर काहीच बोलू नये, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

उजवी बाजू गेली. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. भेटायला येणारे खुर्चीत बसून गंभीर आवाजात म्हणतात, “देव परीक्षा घेतो.” आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या बाईला हे ऐकवायला धैर्य लागतं. 

तिला बोलायला शिकवण्यासाठी एक तरुण थेरपिस्ट येते. चित्रांचे पत्ते दाखवते. “काकू, हे काय?” कंगवा असतो. ती कंगव्याकडे बघत राहते, ओठ हलतात, कंगवा येत नाही. 

“आकडे विचारून बघा, काका,” थेरपिस्ट एकदा म्हणाली. “पाठ झालेलं बऱ्याचदा टिकून राहतं.”

फळा अजून भिंतीवर आहे. मी खडू घेऊन २³ = ६ असं लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.

“आठ,” ती तत्काळ म्हणाली.

थेरपिस्टने टाळ्या वाजवल्या. मीही “वा” म्हणालो. पण आठ मला माहीत होते. मला अपघात हवा होता.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी चुकू लागलो. तिनाचा वर्ग सहा. “नऊ.” पाचाचा शून्यावा घात शून्य. “एक.” दहाचा तिसरा घात तीस. “हजार.” उत्तरं बिनचूक, टोमणा एकही नाही. मी मुद्दाम चुकतोय हे तिला कळत असावं. कॉपी पकडण्यात जन्म गेलेल्या माणसाला खोटी चूक ओळखायला कितीसा वेळ लागणार? पाहुण्यांच्या लहान मुलाचं मन राखावं तशी ती उत्तरं देई. घर फार सभ्य झालं होतं. सभ्य घरात राहायची मला सवय नाही.

गेल्या आठवड्यात सोपी गणितं संपली. मी आठवीचं पुस्तक काढलं आणि फळ्यावर −३² लिहिलं. या वेळी चुकायचं नव्हतंच. उणे गुणिले उणे अधिक, एवढं कारकुनालाही येतं. समोर ९ लिहिले आणि शाबासकीसाठी वळलो.

ती फळ्याकडे बघत राहिली. मग डावा हात पुढे केला. मी तिच्या हातात खडू दिला आणि चाकाची खुर्ची फळ्यापाशी नेली. तिने नऊच्या आधी एक वाकडी आडवी रेघ ओढली. उणे नऊ.

“अगं, पण उणे उणे अधिक ना?”

“कंस,” ती म्हणाली.

“कंस कुठाय?”

“नाही. कंस... नाही.”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कंस नाही, म्हणजे वर्ग फक्त तिनाचा. उणे चिन्ह बाहेर जसंच्या तसं. हे ती दरवर्षी घसा फोडून सांगे, आणि दरवर्षी मी ते आतून ऐकलेलं.

“म्हणजे मी खरंच चुकलो?”

तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याची डावी बाजू हलली, ओठाचा कोपरा वर गेला. कित्येक महिन्यांत ते हसू पाहिलं नव्हतं.

“अप...” ती म्हणाली.

आणि अडली. बाहेर सिंहस्थासाठी चांगला रस्ता खणून आणखी चांगला करण्याचं काम चालू होतं. मी जाऊन खिडकी लावली. शब्द अडला तर पुढचं अक्षर सुचवा, असं थेरपिस्टने सांगून ठेवलंय. ते माझ्या जिभेवर होतं. पण मी सुचवलेला शब्द माझाच झाला असता.

“अप...” ती पुन्हा म्हणाली, जरा चिडून.

“सावकाश,” मी म्हणालो, आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो. घाताची इतक्या आशेने वाट पाहणारा माणूस नाशकात दुसरा नसेल.