अक्काची नागवेल

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. ह्यांच्याजवळ नाही, मुलींजवळ नाही, आणि माझ्या आईजवळ तर नाहीच — तिनं माझ्या पिकल्या केसांकडे न बघता दोन ठेवून दिल्या असत्या. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या घरी येऊन खिडकीतली वेल बघून 'वा वहिनी!' म्हणणार नाही. त्या 'वा'नंच सगळा घोळ केला.

पण आधी डब्यांचं सांगू द्या. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही — आणि खरं सांगू? ते सांगायला मला आवडतं. अजून आवडतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या तोंडाचं घर. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर एखाद्या एप्रिलात येऊन बघा. गॅलरीत ठेवलेली कुंडी दुपारी हात लावू देत नसे. तुळस सोडली तर कुणाच्या घरी हिरवं पान नव्हतं, आणि तुळसही अर्धी काडीच असायची. मी पडले चोपड्याकडची, केळीच्या मुलखातली. हिरवं दिसल्याशिवाय मला जेवण जात नाही. मग ठरवलं, झाड बाहेर जगत नाही ना, तर घरात जगवीन.

पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा घ्यायचा. आडवा ठेवून वरची बाजू कापायची, आतून डांबर फासायचं. तळाशी संक्रांतीची बोळकी उपडी मांडायची — संक्रांत झाली की सगळ्या घरांतून ती माझ्याकडे यायची. त्यांच्यावर भोकं पाडलेला पत्रा. पत्र्याखाली पाणी, पत्र्यावर माती. ह्यांच्या जुन्या धोतराच्या चिंध्या पिळून वाती केल्या, त्यांची एक टोकं पाण्यात आणि दुसरी मातीत. कोपऱ्यात वायरिंगच्या नळीचा तुकडा उभा, त्यातून पाणी ओतायचं. बाजूला एक बारीक भोक — तिथून पाणी टपकलं की समजायचं टाकी भरली. आणि पाणी किती उरलंय ते बघायला नळीत खराट्याची काडी सोडायची. जेवढी ओली, तेवढं पाणी.

झाड खालून प्यायचं, लागेल तेवढंच. वरून रोज तांब्या ओतायची गरज नाही. कुणी शिकवलं नव्हतं हो मला! तीन डबे गंजले, एकात अळू सडला, मग जमलं. जमलं म्हणजे काय जमलं — स्वयंपाकघरात गवती चहा, बाहेरच्या खोलीत अळूची पानं ताटाएवढी. कॉलनीतल्या बायका मला 'डबेवाल्या वहिनी' म्हणायला लागल्या. संक्रांतीला मी वाण म्हणून छोटे डबे लुटले, वात आणि रोप घालून. नवे रंगीत टीव्ही आले होते, तरी बायका आमच्या घरी डबे बघायला यायच्या. मी का मिरवू नये?

मिरवलं. इथवर मला काही लाज नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मी मुलींना घेऊन महिनाभर माहेरी गेले. हे ड्यूटीमुळे मागे राहिले. परत आले तर सगळे डबे हिरवेगार. जिन्यातच बायका जमल्या. एकीनं विचारलं, भाऊंनी पाणी घातलं असेल ना? आणि मी हसून म्हटलं, "ह्यांनी? ह्यांना शेंडा कुठला नि मूळ कुठलं ते कळत नाही! महिनाभर कुणी थेंब घातला नाही."

ती थाप होती. स्वयंपाकघराच्या दारामागे मी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून गेले होते — दर आठव्या दिवशी टाक्या भरा. ह्यांनी बिचाऱ्यांनी एकही वार चुकवला नव्हता. बायका गेल्यावर मी ओल्या फडक्यानं तो खडू पुसला. हे बघत होते. "महिनाभर का?" एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला.

एवढ्याशा थापेनं कुणाचं काय बिघडलं? मीही स्वतःला असंच विचारायचे. मे महिन्यात टाकी अकरा दिवस पुरते, हे मी काडी घालून मोजलेलं होतं. अकरा दिवस! तेसुद्धा कॉलनीत कुणाला करता आलं नसतं. पण अकरावर माझं पोट भरलं नाही.

आता अक्का.

समोरच्या दारात राहायची, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी, धुळ्याकडची. बोलणं सगळं अहिराणी, आवाज खणखणीत. तिच्याकडे एक नागवेल होती. विड्याची पानं आपल्या हवेत कुठली जगायला, पण हिनं ती जुन्या बादलीत, मोरीच्या सावलीत जगवली होती. का, ते ऐका. अक्काचं माहेर धरणात गेलं. घर, ओटा, विहीर, मारुतीचं देऊळ — सगळ्यावर पाणी. गाव उठलं तेव्हा भावांनी भांडीकुंडी वाटून घेतली. हिनं परसातल्या वेलीचे दोन कांडे ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. श्रावणात घरी कानबाई देवी बसायची तेव्हा पुढ्यात त्याच वेलीची पानं. बाजारातली पानं तिला चालत नसत.

ती वेल मीच बादलीतून डब्यात लावून दिली. महिन्याभरात नवी पानं, दिवाळीपर्यंत दाराच्या चौकटीवर गेली. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून आत न्यायची. "माय वं, हाई तं यंत्रच शे!" म्हणायची. खूश होऊन तिनं मला त्याच वेलीचा एक कांडा दिला. तो मी माझ्या डब्यात लावला.

पुढच्या मे महिन्यात तिच्या मुलीचं लग्न निघालं, धुळ्याकडच्या गावी. घरदार सगळं पंचवीस दिवसांसाठी जाणार. मीही माहेरी निघाले होते. निघायच्या आदल्या दिवशी अक्का आली ती एकाच काळजीनं. "मन्ही वेलनं कसं व्हई? भाऊले सांगू का पानी टाकाले?"

हे घरी होतेच. त्यांना आठवड्याला एक तांब्या जास्तीचा, काय जड होतं? पण अक्कानं ह्यांना सांगितलं असतं, तर हे म्हणाले असते, हो, आपल्याही भरायच्याच आहेत. मग माझा महिना? जिन्यातल्या त्या 'वा'चं काय?

मी म्हटलं, "कशाला? माझे डबे महिनाभर जातात, तुला माहीत नाही का?"

तिचा चेहरा खुलला. किल्ली आमच्या खुंटीला अडकवून ती लग्नाला गेली. मी ह्यांच्यासाठी दारामागे पुन्हा खडूनं लिहिलं — आपल्या टाक्या, दर आठव्या दिवशी. त्याखाली 'अक्काची' एवढे तीन अक्षरांचे वेटोळे काढायला कितीसा खडू लागला असता? हात वर गेला होता, हे मला आठवतं. नाही लिहिलं.

तुम्हाला वाटेल हाच तो गुन्हा. नाही. अजून यायचाय.

मी अक्काच्या दोन दिवस आधी परतले. माझे डबे टवटवीत, माझी नागवेल हातभर वाढलेली. मी पिशव्या खाली ठेवल्या, खुंटीवरची किल्ली घेतली आणि समोरचं दार उघडलं. बंद घराची वाफ अंगावर आली. वेल चौकटीवरच होती, पण पानं हात लावताच चुरा होत होती. नखानं देठ खरवडला, वरपासून मातीपर्यंत. कुठेच हिरवं नाही. नळीत खराट्याची काडी सोडली. कोरडी निघाली. पुसून पुन्हा सोडली — जणू काडीच खोटं बोलत होती.

तेव्हा रडायला हवं होतं ना मी? माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? अक्का काडी बघेल. काडी कोरडी दिसली की डबा खोटा ठरेल. आणि डबा म्हणजे मी.

तिच्याच माठाशेजारचा तांब्या घेतला. नळीतून पाणी ओतलं. एक, दोन. तिसऱ्याला हात थांबला — थांबला होता, म्हणजे मी काय करते आहे ते मला पुरतं कळत होतं. मग तिसरा, चौथा. बाजूच्या भोकातून पाणी टपकेपर्यंत ओतलं. फरशी पुसली. तांब्या उपडा जागेवर ठेवला, दार लावलं आणि घरी येऊन मुलींसाठी खिचडी टाकली.

अक्का आली ती लग्नातल्या बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन, हातावरची मेंदी अजून लाल. पोरगी चांगल्या घरी पडली म्हणून बोलताना हसत होती. मीच तिच्याबरोबर आत गेले. ती वेलीपुढे उभी राहिली. मग खाली वाकून, मी शिकवलं होतं तसं, नळीत काडी सोडली. काढली. काडी वरपर्यंत ओली.

"पानी तं भरेल शे," ती म्हणाली. माझ्याकडे बघत राहिली. मला विचारत होती ती, डबेवाल्या वहिनीला, जिला सगळं कळतं.

आता सांगते. मी विचारलं, "अक्का, निघताना वरून पाणी घातलं होतंस का?"

मला उत्तर माहीत होतं. कोण घालत नाही? घर सोडून जाताना बाई झाडाला एक तांब्या घालतेच, मायेनं. तिनं मान हलवली. घातलं होतं.

"मग मुळं कुजली," मी म्हटलं.

तिचा त्यावर विश्वास बसला. का नाही बसणार? तोच डबा, तोच मे महिना, आणि समोरच्या दारात माझी वेल हिरवीगार. फरक उरला तो फक्त हातांचा. अक्का खालीच बसली. "मंग मन्हाच हात वाईट शे," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मुलीची पाठवणी करून आलेली बाई ती. माहेर तिचं पाण्याखाली गेलं होतं, आणि तिथली उरलेली एक वस्तू तिच्याच मायेच्या तांब्यानं मेली असं मी तिला पटवून दिलं.

पुढच्या आठवड्यात मी माझ्या वेलीचे दोन कांडे काढून तिच्या दारी नेले. वेल तिचीच होती, नाही का? तिनं हातसुद्धा लावला नाही. "नको वं माय. तुनाकडेच ऱ्हाऊ दे. तठे ती जगी तरी." मला हायसं वाटलं. हो, हायसं, शब्द बदलून सांगण्यात काय अर्थ? त्या श्रावणात तिनं पहिल्यांदा बाजारातली पानं आणली. माझ्याकडे मागितली नाहीत आणि मीही नेऊन दिली नाहीत.

काही वर्षांनी तिचे मालक निवृत्त झाले, ती मंडळी धुळ्याला गेली. एकदा एका लग्नाला मी तिकडे गेले, तेव्हा तिच्या घरी डोकावले. खिडकीत प्लास्टिकची वेल होती, धूळ बसलेली. नव्या सुनेला मला नमस्कार करायला लावून अक्का म्हणाली, "हाई ती, झाडवाली. हिना हात सोनाना शे. मन्हा हातले झाड टिकत नही." सून कौतुकानं माझ्या हातांकडे बघत होती. आम्ही दोघीच असतो तर बोलले असते, असं मी एसटीत बसून स्वतःला सांगितलं. पण सून चहा टाकायला आत गेली होती, चांगली दहा मिनिटं. आम्ही दोघीच होतो.

गेल्या वर्षी कोपरा फाडलेलं कार्ड आलं. अक्का गेली.

आम्ही आता जळगावला राहतो. तेलाचे डबे जाऊन प्लास्टिकचे कॅन आले, पण बांधणी माझीच आहे, आणि ती उत्तम आहे. त्याबद्दल मी माघार घेणार नाही. गल्लीतल्या सात घरांत माझे डबे आहेत. कुणी विचारलं किती दिवस पुरतं, तर मी आता सांगते — थंडीत एकोणीस, मे महिन्यात अकरा. त्याच्या वर एक दिवस नाही. नागवेल खिडकीवरून दारावर आणि दारावरून देव्हाऱ्यापर्यंत गेली आहे. येणारा प्रत्येकजण तिच्यापुढे थांबतो आणि माझ्या हाताचं कौतुक करतो, आणि मी ते ऐकून घेते.

अक्काचा हात चांगला होता. टाकी कोरडी होती. पाणी मी नंतर भरलं.