वळणावरचं स्टूल

दुकानात गिऱ्हाइकाला धोतरजोडी दाखवत होतो, तेव्हा किनवटच्या आश्रमशाळेतून मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "तुमचे जुने मित्र, आमच्या पोरांचे सिद्राममामा गेले हो... झोपेतच." माझ्या तोंडून निघून गेलं, "मरतानाही जवळचीच वाट धरली गड्यानं." बाईंना ते कसंसंच वाटलं असणार. पण आम्हा चाकूरच्या जुन्या माणसांना त्याची ती खोड पक्की ठाऊक होती.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळी उन्हाळ्यातली गोष्ट. नव्या जिल्ह्याची पहिली मोठी धावण्याची शर्यत होती. लांबच्या पुलावरून नदी ओलांडायची आणि पलीकडच्या काठानं परत यायचं. सिद्राम तोवर एकही शर्यत हरला नव्हता. नदीत पाण्याचा टिपूस नव्हता, म्हणून हा बहाद्दर पुलापर्यंत गेलाच नाही. वाळूतून आडवा पार झाला आणि पहिला आला. मी दुसरा. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन गुलाल उधळला. संध्याकाळी सत्काराला आमच्या गल्लीतली कोंडाबाई उठून उभी राहिली. ती रोज नदीत झरा उकरून पाणी भरायची. कौतुकानं म्हणाली, "लई गुणाचं लेकरू हाय बगा. पळता पळता थांबलं, माझी घागर डोक्यावर उचलून दिली, मग घोटभर पाणी पेलं." पंचांनी तिथंच हिशेब जुळवला. शर्यत पुलावरून, आणि घागर नदीत... आपण काय बोलून बसलो, हे त्या बिचारीला शेवटपर्यंत कळलं नाही. सिद्रामचा चषक काढून माझ्या हातात दिला, त्याला सगळ्या स्पर्धा बंद झाल्या, आणि खांद्यावर घेणारी पोरंच त्याला 'वाळूवीर' म्हणून चिडवायला लागली. तो किनवटला निघून गेला आणि आश्रमशाळेत कामाठी म्हणून पाणी भरायला, भांडी घासायला राहिला.

तिथून त्याची कार्डं यायची, पेन्सिलीनं लिहिलेली. 'जंगलातली लेकरं हायत, मन्मथ. पाय असे की बघतच राहावं. सकाळचं मी त्यांना पळवून राहिलो.' एकदा लिहिलं, 'आज नव्या पोरांना माझी चोरी सांगितली. दर साली पहिल्या दिवशीच सांगतो. एकानं विचारलं, मामा, मग तुमी पहिले का न्हाई? म्हणलं, कोंडाबाईच्या झऱ्यावर पहिला, शर्यतीत न्हाई.' आणि खाली लगेच, 'तरी तुला सांगतो, पुलावरून आलो असतो तरी तुला मागंच टाकलं असतं.' या ओळीनं माझं डोकं फिरायचं. माफीचा एक शब्द नाही, वर हा तोरा. मीही लिहायचो, 'ये मग चाकूरला, होऊन जाऊ दे.' तो काही आला नाही. आता ते कायमचं राहून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याचं दिवसकार्य झालं आणि बाईंचा पुन्हा फोन आला. शाळेच्या शर्यतीला मामांचं नाव द्यायचं पोरांच्या मनात होतं, पण समितीतले एकजण अडून बसलेले. फसवणाऱ्याचं नाव कशाला? "त्यांनी फसवलं ते तुम्हालाच. तुम्हीच काय ते सांगा." मी कार्डांची पिशवी घेऊन किनवट गाठलं. समितीपुढं ते झऱ्याचं कार्ड वाचलं, खालची तोऱ्याची ओळसुद्धा गाळली नाही. "मग हा माणूस सुधारला कुठं?" ते सदस्य म्हणाले. मी म्हणलं, "ते मला ठाव न्हाई, साहेब. पण आपली चोरी दर साली लेकरांपुढं सांगणारा दुसरा कुणी तुमच्या बघण्यात असंल, तर त्याचं नाव द्या." त्यांनी कार्ड मागून घेतलं, स्वतः वाचलं आणि म्हणाले, "द्या नाव. पण वळणावर माणूस ठेवा."

शर्यत जिथून परत फिरायची, त्या सागाखाली सिद्राम दर साली पाण्याचा माठ घेऊन लोखंडी स्टुलावर बसायचा. स्टुलाला थाप मारल्याशिवाय कुणी वळायचं नाही, हा त्याचा नियम. बाई म्हणाल्या, "पोरं म्हणतात, माणूस नको. मामांचं स्टूल पुरे."

शर्यतीच्या दिवशी मी त्या वळणाजवळ झुडपाआड उभा राहिलो. खरं सांगतो, पाळत ठेवायलाच. एकेक पोर आलं, रिकाम्या स्टुलाला थाप मारून वळलं. सगळ्यात शेवटी एक चिमुरडी, धापा टाकत, बाकीच्यांपासून कितीतरी मागं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. तीही स्टुलापर्यंत आली, थाप मारली, शेजारी भरून ठेवलेल्या माठातलं पाणी प्याली आणि पळत सुटली.

मग मीही गेलो. स्टुलाला थाप मारली आणि गुडघे सांभाळत पळायला लागलो. म्हणलं, ये सिद्राम, आता गाठ मला.