शिगेनोकाकीचा दगड

आमच्या डोंगरातल्या गावात शिगेनोकाकी पन्नास वर्षं तोफू करतेय. अंधारातच उठून सोयाबीन दळायचं, संध्याकाळी गावाला ताजा तोफू द्यायचा, हेच काम. वरच्या टेकाडावर किताझोए मास्तर दुर्बीण लावून बसायचे. त्यांना उजेडाचा त्रास नको म्हणून तिनं आपल्या खिडकीला कायमची गोधडी ठोकली. मास्तरांना पुढं एक नवा लघुग्रह सापडला, नाव सुचवायचा मान मिळाला, तर त्यांनी 'शिगेनो' सुचवलं. मंजुरीचं पत्र आलं.

गावानं कौतुक केलं. तोकुजी न्हाव्याची जीभ मात्र तिरकी.

"काकी, असले दगड खाली पडत्यात बरं का. कुनाच्या कौलावर पडला तर नाव तुजंच हाय."

झालं. काकीच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडं आपल्या झाडाचा पाला शेजाऱ्याच्या अंगणात पडला तरी गोडाचा डबा घेऊन जायचं, कमरेत वाकून माफी मागायची. पाल्याची ही तऱ्हा, तर दगडाचं काय? दोन रात्री तिचा डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं तांबड्या घेवड्याचं गोड पुरण भरून बत्तीस घरांचे उंडे वाफवले आणि न पडलेल्या दगडाची माफी मागत दारोदार निघाली. लोकही वाकून डबे घेत होते. रीत म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

शेवटचं घर मास्तरांचं.

"मास्तर, त्यो दगड आला तर पयला कुनाच्या घरावर पडंल, तेवढं सांगा. त्यांना आनखी एक डबा देते."

मास्तर हसले नाहीत. काठीनं अंगणातल्या मातीत सूर्य काढला, मग आपली पृथ्वी, मंगळ, आणि पार लांब गुरू. मंगळ-गुरूच्या मधोमध एक वाट ओढली.

"काकी, तुमचा दगड हितं फिरतोय. चार वर्सांत एक फेरा. आपल्या बांधाला त्याचा पाय लागत न्हाई."

"चुकून बी?"

"चुकून बी न्हाई. मी तीनदा तपासलंय."

काकी त्या रेघेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी बत्तीस दारांत मी उगाच वाकले."

"उगाच कसं? उंडे झ्याक झाल्यात," मास्तर भरल्या तोंडानं म्हणाले.

काकीनं मोठा श्वास सोडला, ओसरीच्या खांबाला टेकली आणि भर दुपारी तिथंच घोरायला लागली. मास्तरांच्या बायकोनं अंगावर दुलई घातली.

त्या संध्याकाळी गावाला तोफू मिळाला नाही. तोकुजीनं जेवणाला काकीच्या माफीचे उंडेच खाल्ले.