बुटांच्या खोक्यांतलं गाणं

टेपरेकॉर्डरचं बटण दाबण्याआधी अण्णा उठून पंखा बंद करायचे. भर एप्रिलमध्येसुद्धा. "पंखा त्याच्या गाण्यात घुसतो," म्हणायचे. मग आम्ही दोघं घाम पुसत ऐकत बसायचो.

मी बनशंकरीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, पुण्याहून कन्नड मुलखात नोकरीसाठी आलेलो. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आले. पुणं त्यांनी एकदाच पाहिलेलं, तेही लग्नाच्या घाईत.

तरुणपणी दर रविवारी ते रेडिओवर एक दूरचं मराठी स्टेशन पकडायचे. खरखरीतून तासाभराचा कार्यक्रम यायचा: नकला, छोटं नाटुकलं, आणि शेवटी एक गायक. बारीक, उंच, स्वच्छ आवाजाचा. त्या काळी घरोघरी तो लाडका होता म्हणे. "बाहेर सगळं कन्नड, कारखान्यात कन्नड. हा माणूस गायला लागला की वाटायचं, कुणी मला मराठीत हाक मारतंय," अण्णा सांगायचे. ते सगळे कार्यक्रम त्यांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून उतरवून घेतले होते. बुटांच्या चार खोक्यांत त्या कॅसेटी होत्या. बऱ्याच कॅसेटींत मधेच त्यांचा स्वतःचाच "शू!" ऐकू येई.

"स्वतःच्या पोरीचं बोलणं एवढं मन लावून ऐकलं नाही कधी," अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणायच्या. अण्णा हसून आवाज वाढवायचे.

पण फिती जुन्या झाल्या होत्या. कधी गुंतायच्या, कधी आवाज गढूळ व्हायचा. एकदा ते संकोचून म्हणाले, "दर वेळी लावलं की गाणं स्वल्प झिजतं. तुझ्या कंप्युटरमध्ये घालता येईल काय रे?"

"त्यात काय अण्णा! या रविवारी करू."

"सरी, ठीक," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी कॅसेट लावणंच बंद केलं. झिजायला नको म्हणून.

तो रविवार यायला दोन वर्षं लागली. लांब बेळ्ळंदूरचं ऑफिस, तिथला ट्रॅफिक, सुट्टीच्या दिवशीची कामं. कारणं मला पाठ होती. जिन्यात भेटले की ते विचारायचे नाहीत. नुसते बघायचे. मीच म्हणायचो, "या रविवारी नक्की."

त्यांना आधीच कमी ऐकू यायचं. एका तापानंतर उरलंसुरलंही गेलं. कानातलं यंत्र आणलं, पण त्यातून पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. अक्का बोलायच्या ते पाटीवर लिहून.

मग मी धावलो. रजा काढून, फिती साफ करून आठ दिवसांत सगळं उतरवलं. डॉक्टरांनी काही उपयोग होणार नाही असं सांगितलं होतं, तरी मोठा हेडफोन घेऊन गेलो. त्यांच्या डोक्यावर चढवला, आवाज पूर्ण वाढवला. बाहेर, अक्कांनासुद्धा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

अण्णा डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "लाव की."

मी अक्कांकडे बघितलं. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. अण्णांनी डोळे उघडले, माझं तोंड बघितलं आणि त्यांना कळलं. त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"तू ऐक," म्हणाले. "आणि मला लिहून सांग."

मला गाण्यातलं काही कळत नाही. पाटीवर लिहिलं, 'वर जातोय.'

"हां. मग?"

'अजून वर.'

"आणि उतरतो कसा?"

हेडफोनमध्ये तो उतरत होता, आणि मला एक शब्द सुचत नव्हता. शेवटी लिहिलं, 'सावकाश.'

अण्णांनी ते वाचलं. पाटी मांडीवर ठेवली आणि मान डोलवायला लागले. माझ्या कानात गाणं संपून टाळ्या वाजत होत्या. ते अजून डोलत होते, आणि त्यांना थांबवायला माझा हात उठत नव्हता.