हौसाची हाळी

रिया आणि निहार, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारता, "आजी, पळणं का सोडलंस? इतकं छान चाललं होतं!" मग तुमची आई मागून म्हणते, मोटिव्हेशन टिकवायला हवं. कॉलवर सांगण्यासारखी गोष्ट नाही ही. म्हणून या सदरासाठी लिहिते आहे. बाकीच्या वाचकांनी एका आजीला सांभाळून घ्यावं.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. आमच्या घरात लिंबू फक्त सरबतात पडायचं. कुणाच्या अंगात आलं की मी आधी पाणी द्यायला आणि मग डॉक्टर बोलवायला सांगत असे. आजही तसंच सांगेन. पण...

आधी जागा सांगते. कोल्हापूरहून गडमुडशिंगीकडे जाताना आमची कॉलनी लागते. तिच्या मागच्या गेटमधून एक अरुंद डांबरी रस्ता शेतातून जातो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि शेवटी पाण्याची टाकी. गाड्या जवळजवळ नसतातच. म्हणून पळायला आम्ही तो निवडला.

आम्ही म्हणजे मी आणि शेजारच्या शांताक्का. अक्कांचं माहेर कागलकडचं, घरात पिढ्यानपिढ्या म्हशी. त्यांची साखर वाढलेली, माझं ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पळायचं खूळ माझं. निहारने फोनमध्ये अ‍ॅप घालून दिलं होतं, थोडं पळा, थोडं चाला. त्यातली बाई गोड आवाजात 'वेल डन' म्हणायची आणि अक्का तिला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यायच्या, "कसलं वेल डन? ये की भाईर, पळून दाव!"

सुरुवातीला उत्साह असतोच. मग पोटऱ्या धरतात, थंडी पडते, अंथरूण गोड लागतं. पहिली कच खाल्ली ती मी. रस्त्याच्या मध्यावरच्या आंब्यापाशी पोचले की मी थांबायची आणि अक्का माझी थट्टा करायच्या. "बाई, तुमच्यापेक्षा ती टाकी जोरात पळंल!" या गावात प्रोत्साहन असंच देतात. तालमीत वस्ताद पोरांना शिव्या घालतो ना, तसं.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात, ते तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. मालक मोटारसायकलवर पुढे, म्हैस मागे. दोरी नाही, काठी नाही. ती पळते फक्त त्याच्या हाळीवर, म्हणजे तो जी लांब हाक देतो तिच्यावर. पळणं संपलं की मालक उतरतो, वळतो आणि तिच्या कपाळावर हात ठेवतो. हात पडेपर्यंत ती थांबत नाही. तसं तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं. आमच्या रस्त्यावर बंडा गवळी त्याच्या हौसाला असंच तयार करायचा. मग एका दिवाळीआधी हौसा दिसेनाशी झाली. विकली म्हणून कळलं.

त्या सकाळी धुकं होतं. उजाडलेलं होतं, पण ऊस पांढरा दिसत होता. मी आंब्यापाशी थांबले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "अक्का, बास. उद्यापासून मी येणार नाही."

"येणार न्हाई? बघू कशी येत न्हाई!" अक्का चार पावलं पुढे गेल्या, पदर खोचला, तोंडाला हात लावून त्यांनी हुबेहूब बंडाच्या आवाजात मला हाळी दिली, "हौसाऽऽ... ये ये ये... हौसाऽऽ!" आणि खिदळत पळत सुटल्या.

मी हसले. खरंच खूप हसले. आणि मग माझ्या मागून, डांबरावर, खूर वाजले.

वळून पाहिलं. रस्ता रिकामा. खुरांचा आवाज माझ्या जवळून गेला, उजव्या हाताला ऊब लागली, शेणाचा आणि ओल्या केसांचा वास आला आणि तो आवाज अक्कांच्या मागे धुक्यात गेला. मी स्वतःला सांगितलं, कुणाची तरी म्हैस सुटली असेल. म्हैस मला दिसली नव्हती, हे स्वतःला सांगायचं टाळलं.

टाकीपाशी अक्का लालबुंद होऊन बसल्या होत्या. "पळालो की न्हाई एका दमात?" त्या म्हणाल्या. "मागं कोण लागलंतं ओ, बाई? तुम्ही व्हता काय?"

त्या दिवसापासून अक्का पळू लागल्या. मी चालत मागे राहायची. खूर मला पुन्हा ऐकू आले नाहीत. त्यांना रोज येत. दोन महिन्यांत त्यांची साखर खाली आली. कॉलनीच्या ग्रुपवर त्यांचे व्हिडिओ फिरू लागले, 'अक्का, आमची प्रेरणा', पुढे हात जोडलेले आणि ज्वाळांची चित्रं. त्या व्हिडिओत अक्का रडत पळत आहेत, हे कुणी पाहिलं नाही. घामच समजले सगळे.

एका संध्याकाळी त्यांनी मला आत नेलं आणि पोलक्याची पाठ उघडी केली. कमरेच्या वर दोन काळेनिळे डाग होते, दोन बाजूंना दोन. "थांबलो की ढुशी देती," त्या कुजबुजल्या. "वळून हात ठेवावा तर हाताला कायच लागत न्हाई. कपाळ कुठं हाय तिचं? बाई, मी थांबू कशी?"

मी त्यांच्या मुलाला सांगितलं. तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "म्हातारपणी बरं पाय फुटल्यात. पळू द्या की, औषधाचा खर्च तरी वाचतोय." सून स्वयंपाकघरातून हसली. "आत्याबाईंचा नंबर आला तर पेपरात फोटू येईल!"

आणि फोटोची वेळ आलीच. गावातल्या एका छोट्या शर्यतीत मुलाने त्यांचं नाव घातलं, ज्येष्ठ महिला गट. अक्का पहिल्या आल्या. शेवटच्या रेषेवर पोरी मेडल घेऊन उभ्या होत्या, अक्का त्यांच्या मधून गेल्या आणि पळतच राहिल्या. मैदानाला एक वेढा, दुसरा वेढा. लोकांना वाटलं, आनंदाने. टाळ्या, शिट्ट्या, ढोल. माईकवरचा माणूस ओरडत होता, "बघा ही कोल्हापूरची वाघीण!" वाघिणीच्या पायताणातून रक्त येत होतं. माझ्यासमोरून जाताना त्या फक्त म्हणाल्या, "धरा की कुणीतरी." मी आडवी गेले, तर कशाने तरी मला बाजूला लोटलं... आणि मला माहीत आहे, त्या क्षणी अक्का माझ्यापासून हातभर लांब होत्या. शेवटी त्या भोवळ येऊन पडल्या, तेव्हा त्या तशा आडव्या असतानाच मेडल त्यांच्या गळ्यात घातलं. त्याचाही फोटो आहे.

दुसऱ्या दिवशी मी बंडाकडे गेले. तो धार काढत होता. सगळं ऐकल्यावर त्याने बादली बाजूला ठेवली.

"बाई, सरावाला नेलती तिला," तो म्हणाला. "टाकीच्या वळणावर पडली. मला गाडीच्या आवाजात कळलंच न्हाई, मी आपला हाळी देत पुढं. तसल्या मोडक्या पायानं उठली आनि पळत आली की माझ्यामागं गोठ्यापतूर! दारात उभी ऱ्हायली, मान खाली घालून. हात ठिवावा म्हून."

"मग ठेवला नाहीस?"

"पाय बघितला. डोकं फिरलं. दिवाळी तोंडावर, सगळी पेठ हसली असती मला. तिथनंच खाटकाच्या टेंपोवाल्याला फोन लावला." त्याने तोंड पुसलं. "चढवतानाबी ती माझ्याकडंच बघत व्हती."

मी त्याला म्हटलं, आता ये आणि ठेव. तो आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. आंब्यापाशी उभा राहिला आणि त्याने हाळी दिली. आवाज फाटला, पुन्हा दिली. अक्का समोरून पळत येत होत्या. त्याने दोन्ही हात पुढे केले, कपाळाच्या उंचीवर. अक्का त्याच्या शेजारून गेल्या आणि त्यांच्या मागचा वारा त्याच्या हातांना वळसा घालून गेला. त्याच्या दंडावरचा केस न् केस उभा राहिला, हे मी पाहिलं.

"माझ्याकडं यायची न्हाई ती आता," तो खाली बसत म्हणाला. "दुसऱ्या कुणी हाळी दिली तर अक्कास्नी सोडून जाईल त्याच्या मागं. माझ्या न्हाई."

त्याच आठवड्यात टाकीच्या वळणावर अक्का पडल्या. मांडीचं हाड मोडलं. मोडलेल्या पायाने त्या घराच्या दारापर्यंत आल्या. हे कसं शक्य आहे, असं हाडांच्या डॉक्टरांनी मला तीनदा विचारलं, जणू मी त्यांना फसवत होते. आत रॉड घातला. हाड जुळलं नाही.

आता अक्का अंथरुणावर आहेत. पहाट झाली की चादरीखाली त्यांचा चांगला पाय पळायला लागतो, आणि त्याच्याबरोबर दुसराही, आणि मग त्या ओरडतात. सून रेडिओ मोठा करते. मध्ये मुलाने पाय पलंगाला बांधून पाहिले. पलंग सरकत भिंतीला आपटायला लागला, तेव्हा सोडले. पाय थांबले की उजवा हात वर जातो आणि हवेत काहीतरी शोधतो. एकदा मला बघवलं नाही. मी वाकले आणि माझं डोकं त्या हाताखाली दिलं. हात थांबला. बोटं माझ्या केसांतून कपाळावर आली, इतक्या मायेने, की मला रडू फुटलं. मग अक्कांनी मला ढकललं.

"ही न्हवं," त्या म्हणाल्या. "हिला शिंगं न्हाईत."

डॉक्टर म्हणतात, मेंदूला मार असेल. असेल. पण स्कॅनमध्ये काही नाही, पाठीवरचे डाग अजून ताजे होतात, आणि मी स्वतः ते खूर ऐकले आहेत. मुलांनो, इतकी वर्षं मी वर्गात म्हणत आले की प्रत्येक 'व्हाय'ला एक 'बिकॉज' असतो. या 'व्हाय'ला मला तो सापडलेला नाही.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे बसते. परवा त्या शुद्धीवर होत्या, स्वच्छ. माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, इतकी वर्सं ऐकली तुम्ही बंडाची हाळी. तुमास्नी येती न्हवं?"

येते. मनातल्या मनात मी ती अगदी बरोबर देते, बंडापेक्षाही बरोबर.

"नाही हो अक्का," मी म्हटलं, "मला कुठली येतेय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात सोडला. आता त्या रोज तोच प्रश्न विचारतात आणि मी रोज तेच उत्तर देते.