मागची बाजू

आमच्या पांढरकवड्याच्या कॉलेजातले ग्रंथालयवाले काका कागद वाया जाऊ देत नसत. परदेशी शिकायची सरकारी शिष्यवृत्ती हुकली, तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण दातात धरलं, माझ्या नकाराची प्रिंट उलटी केली आणि मागे दुसऱ्या फेलोशिपचं नाव लिहायला घेतलं.

"कायले रडून राह्यली? मांगची बाजू कोरी हाये ना!"

फेलोशिपा ते शोधायचे, अर्ज मी भरायची. असे सात नकार आम्ही उलटे केले.

आठव्या कागदावर होकार होता. काकांनी तो दोनदा वाचला, सवयीनं उलटा केला आणि पहिल्यांदाच पेन माझ्या हातात दिलं.

"इथं तुहा तिकडचा पत्ता लिहून दे."

पत्ता मलाच अजून माहीत नव्हता.

"मंग कोरीच ठेवतो," म्हणाले, आणि तो कागद घडी न घालता डब्याच्या पिशवीत ठेवला.